नंबर कोणाचा? गाडीचा, मालकाचा की सरकारचा?

मंडळी, या विकांताचा विषय जरा वेगळा आहे: गाडीचा नंबर. गाडी नाही, नुसता नंबर!

आपल्याकडे नंबर म्हटलं की आधी गाडी डोळ्यांसमोर येते. आधी गाडी घ्यायची, मग आरटीओचा नंबर यायचा, हौस असेल तर पैसे भरून आवडीचा घ्यायचा. ब्रिटनमध्ये मात्र गाडी नसतानाही तुम्ही नंबर विकत घेऊ शकता. तो कपाटात ठेवू शकता, मुलीला वाढदिवसाला देऊ शकता, दहा वर्षांनी चढ्या भावाने विकू शकता. आणि एवढं सगळं करूनही कायद्याच्या दृष्टीने तो नंबर तुमचा नसतोच! तुमच्याकडे असतो तो फक्त 'हा नंबर एखाद्या गाडीला लावण्याचा हक्क', आणि त्या हक्काला एक्स्पायरी डेट असते.

आमच्या धंद्यातल्या लोकांना यात विशेष रस वाटावा. एखाद्या टेबलातली ओळखीची खूण, जिला आम्ही 'की' म्हणतो, तिला अर्थ असावा की ती निरर्थक असावी, हा वाद संगणकवाले कधीपासून घालताहेत. ब्रिटिशांनी हा प्रयोग शंभर-सव्वाशे वर्षं खऱ्या गाड्यांवर केला. कसा, ते बघू.

लाजेची पाटी

गाडीला नंबर लावायची सुरुवात ब्रिटनची नाही. १८९३ साली पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढून गाड्यांवर पाटी लावायला लावली, तिथून हे प्रकरण सुरू झालं. ब्रिटनमध्ये ते आलं एका सौद्यातून. १८९६च्या कायद्याने तिथे मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैल ठरली होती, आणि ती नियमांनी आणखी खाली, १२ मैलांवर आणली होती. मोटारवाल्यांना वेग वाढवून हवा होता. बाकीच्या जनतेला, म्हणजे ज्यांच्या कोंबड्या, कुत्री आणि अंगावरचे कपडे या मोटारींच्या धुळीत जात होते त्यांना, पळून जाणारा मोटारवाला ओळखायची काहीतरी सोय हवी होती. १९०३च्या मोटार कार कायद्याने दोघांनाही थोडं थोडं दिलं. वेगमर्यादा २० मैल झाली, आणि बदल्यात १ जानेवारी १९०४पासून प्रत्येक मोटारीला नंबर सक्तीचा झाला. नोंदणीची फी मोटारीला एक पौंड, मोटारसायकलला पाच शिलिंग.

गंमत म्हणजे त्या वेळी बड्या लोकांना हा नंबर अपमानास्पद वाटला. भाड्याच्या घोडागाडीला नंबर असतो, कैद्याला नंबर असतो, सभ्य गृहस्थाच्या खाजगी वाहनाला कसला नंबर? आज ज्या पाटीसाठी लोक लाखो पौंड मोजतात तिचा जन्म असा लाजेतून झालाय, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नोंदणीचं काम काउंटी कौन्सिलांकडे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थांकडे दिलं गेलं. प्रत्येकीला एक किंवा दोन अक्षरं. इंग्लंड आणि वेल्समधल्या काउंटींना ती लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने वाटली: लंडनला ए, लँकेशायरला बी, यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगला सी, एसेक्सला एफ, आणि अगदी शेवटी चिमुकल्या रटलंडला एफपी. स्कॉटलंडसाठी एस राखून ठेवला, तर आयर्लंडसाठी आय, आणि पुढे झेडसुद्धा. डॉर्सेट काउंटीच्या वाट्याला बीएफ ही जोडी आली. इंग्रजीत ही आद्याक्षरं एका बऱ्यापैकी असभ्य शिवीची आहेत. लोकांनी तक्रार केली आणि डॉर्सेटला एफएक्स मिळालं. म्हणजे 'नको तो अर्थ निघणारे नंबर गाळा' ही आजची पद्धत पहिल्या वर्षापासूनची आहे.

कायदा लागू व्हायच्या आधीच हेस्टिंग्ज गावाने २३ नोव्हेंबर १९०३ रोजी डीवाय १ हा नंबर देऊन टाकला होता. लंडनचा ए १ मिळवला अर्ल रसेल यांनी. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे हे थोरले बंधू. तो नंबर मिळावा म्हणून त्यांनी रात्रभर जागून कचेरीबाहेर ठाण मांडलं होतं, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे पहा, एकीकडे 'आमच्या अंगावर कैद्याची खूण नको' म्हणणारे, आणि दुसरीकडे पहिला नंबर मलाच हवा म्हणून रांग लावणारे. दोघेही त्याच वर्गातले. लाज आणि मिरवणं यांत फार अंतर नसतं, असंच म्हणायचं.

अक्षरं संपत जातात

१९२०च्या रोड्स कायद्याने, जो १९२१ साली अंमलात आला, व्यवस्था पक्की केली. प्रत्येक गाडीला लॉगबुक आलं आणि नंबर गाडीला बांधला गेला. मालक बदलला तरी नंबर गाडीबरोबर जायचा. आपल्याला ओळखीची वाटणारी पद्धत हीच.

पण दोन अक्षरं आणि चार आकडे म्हणजे एका जोडीत फक्त ९९९९ गाड्या. आज हे वाचताना आपल्याला हसू येतं, कारण आपण सगळ्यांनी कधी ना कधी 'एवढी जागा कशाला लागेल' असं म्हणणारा माणूस पाहिलेला आहे. १९३२मध्ये स्टॅफर्डशायरचे नंबर संपत आले. मग पुढे एक अक्षर जोडून तीन अक्षरं आणि तीन आकडे सुरू झाले. पुढे तेही पुरेनात, तेव्हा १९५३पासून क्रम उलटा केला, आधी आकडे मग अक्षरं. आणि १९६३ साली तो बदल झाला ज्याने सगळा खेळच पालटला: नंबरच्या शेवटी वर्षाचं अक्षर आलं. १९६३ला ए, १९६४ला बी, आणि १९६५पासून, म्हणजे सी या अक्षरापासून, ते देशभर सक्तीचं झालं.

हेतू अगदी साधा होता. आणखी नंबर हवे होते आणि ते मिळाले. पण त्या एका अक्षराने गाडीचं वय कपाळावर लिहिलं गेलं. शेजाऱ्याच्या दारात उभी असलेली गाडी किती जुनी आहे हे रस्त्यावरून जाणारा कुणीही सांगू शकत होता. नवीन अक्षर निघायच्या महिन्यात शोरूमसमोर झुंबड उडायला लागली, आणि त्याच्या आधीचे महिने विक्रेते माश्या मारायला लागले. १९६७मध्ये ही तारीख जानेवारीतून ऑगस्टमध्ये नेली. मग ऑगस्टमध्येच एवढी गर्दी व्हायला लागली की १९९९पासून वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, खूण बदलायची असं ठरलं. २००१च्या सप्टेंबरपासून आजची पद्धत आली: दोन अक्षरं प्रदेशाची, दोन आकडे काळाचे, तीन अक्षरं कशीही. मार्च २००२ची गाडी ०२, सप्टेंबर २००२ची ५२. ही पद्धत २०५१च्या सुरुवातीपर्यंत पुरेल.

आता ज्याला गाडीचं वय लपवायचंय त्याने काय करायचं? १९६३च्या आधीचा, वर्षाचं अक्षर नसलेला नंबर शोधायचा. किंवा उत्तर आयर्लंडचा, कारण तिथे वर्षाचं अक्षर कधी आलंच नाही. म्हणून तिथल्या आय आणि झेडवाल्या नंबरांना आजही इंग्लंडमध्ये मागणी असते. नियम असा आहे की नंबर लावून गाडी आहे त्यापेक्षा नवी दाखवता येत नाही, जुनी मात्र बिनदिक्कत दाखवता येते. आणि वर्षच नसलेला नंबर तर कायद्याच्या कुठल्याच बाजूला लागत नाही.

तेच वर्षाचं अक्षर हौशी लोकांनी शब्द बनवायलाही वापरलं. जिमी टारबक या विनोदी नटाकडे 'सीओएम १सी' असा नंबर होता आणि जादूगार पॉल डॅनियल्स यांच्याकडे 'एमएजी १सी'. एकाला आय समजून वाचा, म्हणजे 'कॉमिक' आणि 'मॅजिक' हे शब्द दिसतील. शेवटचं सी हे खरं तर १९६५ या वर्षाचं अक्षर आहे. कारकुनाने वर्ष लिहायला ठेवलेल्या जागेत विनोदी नटाने आपला धंदा लिहिला. प्रणाली बनवणारा एक अर्थ ठेवतो आणि वापरणारा दुसराच काढतो. हे तर आपल्या रोजच्या अनुभवाचं आहे, नाही का?

स्वान्सीचं मायग्रेशन

आता या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

१९७४पर्यंत गाड्यांचा सगळा विदा काउंटींच्या कचेऱ्यांत होता. जाडजूड रजिस्टरं, कार्डं, फायली. १ ऑक्टोबर १९७४पासून नवीन नोंदणी वेल्समधल्या स्वान्सी शहरातल्या एका मध्यवर्ती कचेरीत, संगणकावर सुरू झाली. (हीच कचेरी १९९०मध्ये डीव्हीएलए झाली.) जुन्या गाड्यांच्या नोंदी हळूहळू नव्या प्रणालीत आणायच्या होत्या. ज्या गाड्या रस्त्यावर होत्या, ज्यांचा कर भरला जात होता, त्या आपोआप आल्या. पण ज्या गाड्या गोठ्यात, गॅरेजमध्ये, ताडपत्रीखाली उभ्या होत्या त्यांच्या मालकांनी आपलं जुनं लॉगबुक स्वतःहून पाठवायचं होतं. नोव्हेंबर १९८३ अखेर ही मुदत संपली. त्यानंतर संगणकावर नसलेला नंबर रद्द.

कोणाचं गेलं यात? श्रीमंतांचं नाही. त्यांच्या गाड्या चालत होत्या आणि कागद सांभाळायला माणसं होती. गेलं ते ज्यांच्या आजोबांची १९३०ची ऑस्टिन गोठ्यात पडून होती, लॉगबुक ट्रंकेत होतं आणि जाहिरात कधी वाचलीच नव्हती अशा लोकांचं. त्यातच नव्या केंद्रामुळे 'आता काय करायचीत' म्हणून बऱ्याच कौन्सिलांनी जुनी रजिस्टरं फेकून दिली. काही अभिलेखागारांनी वाचवली, काही ड्रॉइटविचजवळच्या किटहेड ट्रस्टसारख्या संस्थेने गोळा करून ठेवली. बाकीची गेली ती गेली.

पुढे आरडाओरडा झाल्यावर 'व्ही७६५' नावाचा एक अर्ज निघाला. गाडीचा मूळ नंबर हाच होता हे जुन्या रजिस्टरातल्या नोंदीने, जुन्या लॉगबुकाने, मान्यताप्राप्त जुन्या-गाड्यांच्या क्लबच्या शिफारशीने सिद्ध केलंत तर नंबर परत मिळतो. पण एका अटीवर: तो त्या गाडीवरच राहील, काढून विकता येणार नाही. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. ज्याला गाडीचा इतिहास हवाय त्याला तो द्या, ज्याला फक्त किंमत हवीय त्याला देऊ नका. एका ओळीच्या अटीने दोन प्रकारची माणसं वेगळी काढली.

कारण तोवर नंबरांचा बाजार चांगलाच तापला होता. चांगला नंबर असलेली मोडकी मोपेड किंवा गंजलेली मॉरिस विकत घ्यायची, नंबर काढून नव्या जॅग्वारला लावायचा, आणि ती मॉरिस भंगारात. नंबर काढल्यावर जुन्या गाडीला तिच्या वयाला शोभेल असा दुसरा नंबर मिळतो, पण तो तिचा नसतो. पन्नास वर्षांच्या फोटोंत, पावत्यांत, विम्याच्या कागदांत दिसणारी गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच आहे हे सांगणारा धागा तुटतो. जुन्या गाड्यांचे अभ्यासक यावर चिडतात ते उगाच नाही.

सरकार दुकान मांडतं

१९८३ साली वर्षाचं अक्षर शेवटून पुढे आणलं गेलं. त्या वेळी एक बारीकसा निर्णय झाला. प्रत्येक मालिकेतले १ ते २० हे छोटे आकडे वाटायचेच नाहीत, राखून ठेवायचे. सुरुवातीला त्यांचं नक्की काय करायचं हे ठरलेलं नसावं, पण माल गोदामात जमा होत राहिला. दलाल मात्र बाजारात पैसे कमवत होते. तेव्हा थॅचरबाईंच्या सरकारला, आणि अर्थमंत्री नायजेल लॉसन यांना, जे सुचायचं तेच सुचलं. १९८९च्या वित्त कायद्याने सरकारला नंबर विकायची परवानगी मिळाली, आणि त्या वर्षी डिसेंबरमध्ये लंडनला ख्रिस्टीजच्या दालनात पहिला लिलाव झाला. जिथे चित्रं आणि पुतळे विकले जातात तिथे आता अक्षरं आणि आकडे.

तेव्हापासून या विक्रीतून ब्रिटिश तिजोरीत दोन अब्ज पौंडांहून जास्त रक्कम जमा झाली आहे. खर्च काय? जवळजवळ शून्य. छापायचं नाही, साठवायचं नाही, वाहतूक नाही. साधे नंबर अडीचशे पौंडांपासून मिळतात, आणि मोठे लिलावात जातात. काही आकडे:

१९९३मध्ये 'के१ एनजीएस', म्हणजे 'किंग्ज', सव्वादोन लाख पौंडांच्या वर गेला. २००६मध्ये '५१ एनजीएच' सुमारे अडीच लाखांना गेला. पाचाला एस समजा, म्हणजे 'सिंह' होतो. ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींनी या बाजारात काय उत्साह आणला ते यावरून कळेल. जानेवारी २००८मध्ये एसेक्स काउंटी कौन्सिलने १९०४पासून स्वतःकडे जपलेला एफ १ विकला, ४,४०,६२५ पौंडांना. घेणारे अफझल कान, गाड्या सजवण्याचा धंदा करणारे. त्याच वर्षी एडिंबराचा पहिला नंबर एस १ चार लाखांच्या वर गेला. आणि नोव्हेंबर २०१४मध्ये '२५ ओ' या नंबरवर चार लाखांची बोली लागली. कर आणि फी धरून एकूण ५,१८,४८० पौंड. घेणारे जॉन कॉलिन्स हे जुन्या फेरारींचे व्यापारी, आणि नंबर हवा होता तो फेरारी २५० या प्रसिद्ध जातीच्या गाडीसाठी.

एफ १ चा प्रवास मला विचार करण्यासारखा वाटतो. १०४ वर्षं तो एका सार्वजनिक संस्थेकडे होता. एक पौंड फीच्या काळात नोंदवलेला. लोकांच्या मालकीची वस्तू एका सकाळी हातोड्याखाली गेली. कौन्सिलला पैसे मिळाले, ते उपयोगीही पडले असतील. पण पुन्हा शंभर वर्षं थांबायची तयारी असली तरी तसा नंबर आता एसेक्सला मिळणार नाही.

घेणं सोपं, राखणं अवघड

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पैसे भरल्यावर नेमकं काय मिळतं?

डीव्हीएलएकडून नवाकोरा, कधीच न वापरलेला नंबर घेतलात तर 'व्ही७५०' नावाचं प्रमाणपत्र मिळतं. गाडीवर असलेला नंबर काढून बाजूला ठेवलात तर 'व्ही७७८' मिळतं. ही बाजूला ठेवायची सोय १९९२च्या नियमांनी आली. त्याआधी नंबर एका गाडीवरून थेट दुसऱ्या गाडीवरच जाऊ शकत होता, हवेत लटकत राहू शकत नव्हता. ती मॉरिस का लागायची ते आता लक्षात आलं असेल. नंबरला राहायला काहीतरी घर लागायचं.

नंबर काढून ठेवण्यासाठी गाडीवर अटी आहेत. ती स्वतःच्या इंजिनावर चालणारी हवी, तपासणीला दाखवता यायला हवी, आणि मागची पाच वर्षं सलग तिचा कर भरलेला किंवा 'रस्त्यावर नाही' अशी रीतसर नोंद केलेली हवी. क्यूने सुरू होणारा नंबर, म्हणजे जिच्या वयाचा पत्ता नाही अशा गाडीचा, काढताच येत नाही. फी ८० पौंड.

पूर्वी हे प्रमाणपत्र एक ते तीन वर्षांचं असायचं आणि दर वर्षी वाढवायला २५ पौंड लागायचे. मार्च २०१५पासून फी १०५वरून ८० झाली, मुदत सरळ दहा वर्षांची झाली, आणि नूतनीकरण फुकट झालं. ऐकायला किती छान! पण आम्ही सिस्टीमवाले अशा ठिकाणी जरा सावध होतो. दर वर्षी करायची गोष्ट माणूस लक्षात ठेवतो. दहा वर्षांनी एकदा करायची गोष्ट लक्षात राहत नाही. दहा वर्षांत माणूस घर बदलतो, ईमेल बदलतो, बायकोशी भांडून वेगळा होतो, मरतोसुद्धा. २०१५मध्ये निघालेली पहिली प्रमाणपत्रं २०२५मध्ये मुदतीला आली. ज्याने वेळेत नूतनीकरण केलं नाही त्याचा हक्क गेला. फी नव्हती म्हणून नाही, आठवण नव्हती म्हणून. डोमेनचं नाव विसरून गमावलेल्या कंपन्यांच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेतच, ही तिचीच चुलत बहीण.

बाकीच्या धोक्याच्या जागाही सांगतो, कारण तिकडे राहणारी आपली मराठी मंडळीही हा नाद करतात. अपघातात गाडी भंगार झाली, विमा कंपनीने पैसे दिले, आणि गाडी त्यांच्या ताब्यात जायच्या आधी नंबर काढून घेतला नाही, तर गाडीबरोबर नंबरही जातो. गाडी विकताना आधी नंबर काढला नाही तर घेणारा तो घेऊन जातो, आणि तो रीतसर मालक ठरतो. माणूस दिवाळखोर झाला तर त्याच्या मालमत्तेत नंबरही मोजला जातो आणि विकून देणेकऱ्यांना पैसे दिले जातात. अक्षरं वाचता यावीत म्हणून दोन आकड्यांमधली फट हलवली, स्क्रूने एकाचं आय केलं, तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नंबर काढूनही घेतला जाऊ शकतो. पाच लाख मोजा नाहीतर अडीचशे, नियम एकच.

थोडक्यात, तुम्ही विकत घेतलेली वस्तू अशी आहे: ती विकता येते, बक्षीस देता येते, वारसाला ठेवता येते, कर्जवसुलीत जप्त होते, पण ती तुमची नाही. मालकी सरकारची, हक्क तुमचा, आणि हक्क टिकवायची जबाबदारी पूर्णपणे तुमची. हे म्हणजे जुन्या मुंबईतल्या पागडीच्या खोलीसारखं झालं. खोली मालकाची, पण ती विकल्याचे पैसे भाडेकरू मोजतो.

अर्थ असलेली की

सुरुवातीला कीचा विषय काढला होता. डेटाबेसच्या पुस्तकांत सांगतात की ओळखीच्या खुणेत अर्थ भरू नका. कारण अर्थ बदलतो, संपतो, आणि लोक त्याला किंमत लावतात. ब्रिटिशांनी नंबरात आधी काउंटी भरली, मग वर्ष भरलं. जितका अर्थ भरला तितकी लोकांना खोड्या काढायला जागा मिळाली. शेवटी गाडीची खरी ओळख कुठे गेली? चासिस नंबरात. सतरा खुणांचा तो कंटाळवाणा नंबर कुणालाही आठवत नाही, कुणी विकत घेत नाही, आणि म्हणूनच तो खरं काम करतो. पाटीवरचा नंबर शोभेचा झाला तो ज्या दिवशी गाडीवरून सुटला त्या दिवशी.

आता आपल्याकडे पाहा. योगायोग म्हणजे ज्या १९८९मध्ये ब्रिटनने नंबर विकायला काढले त्याच वर्षी १ जुलैला आपला नवा मोटार वाहन कायदा अंमलात आला, आणि महाराष्ट्राच्या गाड्यांवर एमएच दिसू लागलं. पुण्याचं १२, नाशिकचं १५, कोल्हापूरचं ०९. आपल्याकडेही चॉईस नंबरची हौस आहेच. २१४ मध्ये 'राम' वाचणारे आणि ८०५५ मध्ये 'बॉस' वाचणारे आपल्याच गल्लीत राहतात. एप्रिल २०१९पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी आल्यावर ती कला निदान कागदोपत्री तरी संपली. आणि सरकारलाही या हौसेची किंमत कळलेली आहे. ऑगस्ट २०२४च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात चारचाकीच्या ०००१ या नंबरची फी ३ लाखांवरून ५ लाखांवर नेली. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ती ६ लाख झाली.

त्याच बदलात एक छोटी गोष्ट होती जिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. राखून ठेवलेला नंबर नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांच्या नावावर करायची सोय झाली. मला यात ब्रिटनच्या १९९२ची चाहूल लागते. नंबर गाडीचा होता तो माणसाचा व्हायला लागला, आता घराण्याचा व्हायला लागलाय. पुढची पायरी बाजार. सरकारला पैसे हवे आहेत, लोकांना नंबर हवा आहे, त्यामुळे ती पायरी येणारच नाही असं समजण्यात अर्थ नाही. हाँगकाँगने १९७३पासून लिलाव केले ते निदान पैसा समाजकार्याच्या निधीत टाकून. तेवढं तरी आधी ठरवून घ्यावं.

आणि दुसरं म्हणजे, जुनी रजिस्टरं फेकू नयेत. आपल्याकडेही कागदावरच्या नोंदी संगणकावर गेल्या आहेत. जुन्या आरटीओंच्या त्या लाल कापडात बांधलेल्या वह्यांत कुणाच्या तरी आजोबांची पहिली अँबेसिडर आहे, कुणाची पहिली टॅक्सी आहे, गावात आलेला पहिला ट्रक आहे. स्वान्सीच्या उदाहरणावरून एवढं तरी शिकावं की संगणकावर न आलेली नोंद म्हणजे नसलेली नोंद नव्हे. लिलावात पाच लाख मिळवणारा नंबर स्वतःची काळजी घेतोच. काळजी घ्यावी लागते ती ज्याला कुणी बोली लावणार नाही त्याची.

असो. कुणाचं तिकडचं प्रमाणपत्र कपाटात पडलेलं असेल तर आजच काढून तारीख बघा :)